सीमोस कुंभाराची जीभ

ग्रीसमधल्या सिफ्नोस बेटावर सगळ्यांत चोखंदळ जीभ कोणाची, असं कोणालाही विचारलं असतं तर एकच नाव पुढे आलं असतं: वरच्या वाडीतला सीमोस कुंभार. आणि त्या जिभेला गेली दोन वर्षं मीठ, मध आणि ओली माती यांतला फरक कळत नव्हता, ही गोष्ट फक्त एका माणसाला ठाऊक होती. तो माणूस म्हणजे खुद्द सीमोस.

चौऱ्याहत्तर वर्षांचा हा गृहस्थ अकराव्या वर्षी खाली खाडीवरच्या बापाच्या कारखान्यात चाकावर बसला, तो थेट गुडघे बोलायला लागले तेव्हाच उठला. वाडीतल्या प्रत्येक घरात रविवारचे हरभरे ज्या झाकणाच्या मडक्यात शिजतात, ते मडकं सीमोसच्या हातचं. माणसांची नावं तो विसरायचा. रस्त्यात कोणी भेटलं तर "तू कोण रे?" विचारायचा, आणि समोरच्याने आईचं नाव सांगितलं की लगेच म्हणायचा, "हां हां, तुमचं ते रुंद बुडाचं, उजव्या कानाला बारीक चीर असलेलं. चीर वाढली का?" मडकं मात्र तो कधी विसरला नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्याला दहा दिवस ताप आला. अकराव्या दिवशी उठून त्याने कॉफी घेतली, तर ते नुसतं गरम पाणी, ना चव ना वास. त्याला वाटलं, बायको पूड घालायला विसरली. तोंड उघडणार, तेवढ्यात मोस्खा कोंबडीचा रस्सा घेऊन आली. अंडं-लिंबू घालून, पहाटे उठून केलेला. वाटी पुढे ठेवून कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"कसं झालंय?"

त्या रश्श्याला काहीही चव नव्हती. पण दहा दिवस उशाशी बसून डोळे सुजलेल्या बाईला हे सांगायचं कसं? सीमोस म्हणाला, "वा! फक्त लिंबू थेंबभर जास्त." पिळलेलं लिंबू त्याने ओट्यावर पाहिलं होतं, चांगलं मोठं होतं.

"अगदी खरं," मोस्खा खूश होऊन म्हणाली. "माझंही तेच म्हणणं होतं."

झालं. ईस्टरपर्यंत चव परत येईल, मग सांगू, असं त्याने ठरवलं. ईस्टर आला, गेला. चव काही आली नाही. आणि तोवर थाप इतकी नीट बसली होती की हलवली तर घर हललं असतं. सीमोसने तिची व्यवस्थाही चोख लावली होती. तीन दिवस स्तुती, चौथ्या दिवशी बारीकशी तक्रार. कारण जो नवरा कधीच तक्रार करत नाही त्याचा संशय येतो. मीठ टाकताना मोस्खाची मूठ बघायची, तेलाच्या बाटलीची पातळी बघायची, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या खाणाऱ्याचा चेहरा बघायचा.

गंमत म्हणजे चव असताना त्याला कोणी काही विचारत नव्हतं. ती गेल्यावर त्याचं नाव झालं. पूर्वी तो भराभरा गिळून उठायचा. आता घास घेऊन डोळे मिटून बसायचा, कारण काय बोलायचं ते शोधावं लागायचं. लोकांना वाटलं, काय हा माणूस चव घेतो! धनगराने चीज आणलं, तर त्याच्या बोटांना ओरखडे बघून सीमोस म्हणाला, "घाईत दूध काढलंयस. बकरी वैतागलेली होती." धनगर तोंडात बोट घालून उभा राहिला. एकाने वाइन आणली. त्याच्या शर्टाला लाकडाचा भुसा चिकटलेला होता. "पिंप नवीन दिसतंय," सीमोस म्हणाला. त्या दिवसापासून गावाने त्याला जे हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, ते उतरायची सोयच ठेवली नाही.

सप्टेंबरात बेटावर खाद्यजत्रा भरते. चौकात टेबलं लागतात, शेजारच्या बेटांचे लोक आपापले पदार्थ घेऊन बोटीने येतात, वाडीवाडीचे हरभरे, कोकरू, केपरच्या कळ्यांची भाजी, मधाची चीजवडी, सगळं तीन संध्याकाळी चालतं. या वर्षी हरभऱ्यांचं टेबल वरच्या वाडीकडे आलं. प्रश्न एवढाच होता की डाव कोणाच्या हातात द्यायचा. पाच बायका इच्छुक होत्या. त्यांतल्या तिघी निव्वळ हौशी. खरी झुंज दोघींत: सीमोसची बायको मोस्खा आणि सीमोसची थोरली बहीण आंगेरू. आंगेरू समोरच्याच घरात एकटी राहायची. हरभऱ्यांत तमालपत्र घालावं की घालू नये, यावरून या नणंद-भावजयींत चाळीस वर्षं गल्लीच्या दोन्ही बाजूंनी गोळीबार चालू होता.

पाद्री लेफ्तेरिस तोडगा घेऊन सीमोसच्या दारात आले. वडीलधाऱ्या पुरुषाला तिथे बार्बा म्हणतात. "बार्बा-सीमोस, रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या ओट्यावर पाच मडकी ठेवू. नावं नाहीत, फक्त आकडे. परीक्षक तिघे. मी, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आणि तुम्ही."

सीमोस लगेच गुडघा चोळायला लागला. "पाद्रीबाबा, माझे गुडघे फार दुखतात हो."

"चाखायला गुडघे लागत नाहीत."

"घरातलीच बाई स्पर्धेत. लोक काय म्हणतील?"

"बहीणही स्पर्धेत आहे. म्हणजे तराजू बरोबर झाला. आणि खरं सांगू? आम्ही दोघं नावाला. ती डॉक्टरीण दूरच्या थेसालोनिकी शहरातली, तिला आपले हरभरे काय कळणार? मला तर सगळंच आवडतं, हे बघा," असं म्हणून पाद्रीबाबांनी स्वतःच्या पोटावर थाप मारली. "निकाल तुमच्या जिभेचा."

पाद्रीबाबा गेले. खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. पण आतून मोस्खाचं गुणगुणणं ऐकू येत होतं, आणि सांगायचं म्हणजे गेल्या दोन वर्षांतली प्रत्येक जेवणाची दाद खोटी होती हेही सांगायचं. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे दागिने मागितले नव्हते, प्रवास मागितला नव्हता. एवढी एक दादच ती रोज मागायची.

मग त्याला एकदम सुचलं. आकडे कशाला हवेत? मडकी तर माझीच! मोस्खाचं मडकं त्याने लग्नाच्या वर्षी घडवलं होतं. हात थरथरत होता म्हणून काठ डावीकडे कललेला. हजारात ओळखता आलं असतं. ते बघायचं, डोळे मिटायचे, आणि म्हणायचं, हे पहिलं. बायको खूश, जीभ सुरक्षित. बहीण आठ दिवस बोलणार नाही, तेवढीच कानाला विश्रांती. तो इतका हलका झाला की त्याने शीळ घातली.

त्या संध्याकाळी मोस्खा हरभरे निवडता निवडता म्हणाली, "हे बघ, बायको म्हणून मला जिंकवू नकोस. जिभेने निवड."

"म्हणजे काय! जिभेनेच."

"मला ठाऊक आहे. माझे हरभरे तू झोपेतही ओळखशील."

समोरून आंगेरूचा आवाज आला, "ए धाकट्या! लहानपणी माझ्या ताटातलं खाऊन वाढलायस, विसरू नकोस!"

"विसरलो नाही गं. तूच रोज आठवण करतेस."

शनिवारी दिवस मावळताना पाचही जणी मडकी घेऊन थेओदोसिस भट्टीवाल्याकडे गेल्या. हरभरे, कांदा, तेल आणि टाक्यात साठवलेलं पावसाचं पाणी. विहिरीच्या पाण्यात हरभरा शिजतो, पण विरघळत नाही. झाकणाची फट कणकेने लिंपून मडकी भट्टीत गेली, तोंड बंद झालं. परीक्षकांना तिकडे फिरकायची मनाई होती. सीमोस घरी बसून मोठमोठे उसासे सोडत होता, पण ते फक्त दाखवायला.

रविवारी प्रार्थनेत त्याचं लक्ष नव्हतं. बाहेर आल्यावर ओट्यावर पांढऱ्या चादरीवर पाच मडकी मांडलेली दिसली, प्रत्येकावर खडूने आकडा. आणि चौथं, डावीकडे मान कलवून उभं असलेलं, नव्या नवरीसारखं! सीमोसला भरून आलं. दुसरं मडकं आंगेरूचं. ते त्याने तिच्याशी भांडण झालं त्या आठवड्यात बनवलं होतं, कानाला अंगठ्याचा खोल खड्डा होता. सारं काही ठरल्यासारखं.

कणीक फोडली, झाकणं निघाली, वाफ उठली. सगळी वाडी भोवती जमली. पाद्रीबाबांनी क्रॉसची खूण केली आणि चमचा उचलला.

पहिलं मडकं झालं. दुसऱ्यावर पाद्रीबाबांनी तीन चमचे घेतले, चौथ्यासाठी हात पुढे केला, पण लोकांकडे बघून आवरला. सीमोसने एक घास घेतला, डोळे मिटले आणि मोठ्याने सांगितलं, "ठीक आहे. पण हात घाईचा आहे. हरभऱ्यांना माया कमी पडली." गर्दीत कोणीतरी "अहाहा" म्हणालं. मोस्खाचा चेहरा का कोण जाणे एकदम पडला, पण सीमोस तिकडे बघत नव्हता. तिसरं झालं. मग चौथं.

नेहमीप्रमाणे त्याने आधी इतरांचे चेहरे बघितले. पाद्रीबाबांनी घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चवीने माणूस गहिवरतो तो असा, सीमोसने मनात नोंद केली. डॉक्टरीणबाईंनी छातीवर हात ठेवला, डोळे घट्ट मिटले, आणि कितीतरी वेळ उघडलेच नाहीत. मग सीमोसने चमचा घातला. एक घास. दुसरा. वाटी भरून घेतली, ती संपवली, दुसरी घेतली. पावाच्या तुकड्याने तीही पुसून काढली.

"पाचवं राहिलंय, बार्बा," थेओदोसिस म्हणाला.

"पाचव्याची गरज नाही," सीमोस उभा राहिला. गुडघेसुद्धा दुखले नाहीत. "चार! हे हरभरे मी सेहेचाळीस वर्षं ओळखतो. एकही कण इकडचा तिकडे नाही."

"चार माझं!" अशी किंकाळी फुटली. आंगेरू. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई दोन्ही हात वर करून ओट्यावर चढली. "माझं! ऐकलंत ना? माझ्या भावाने रक्ताला रक्त ओळखलं! तमालपत्र, बायांनो, कुटून घातलेलं तमालपत्र!"

सीमोसला काही कळेना. त्याने मडक्याकडे बघितलं. काठ डावीकडेच होता.

"पण हे मडकं तर..."

"मडकं माझंच आहे," मोस्खा गर्दीतून शांतपणे म्हणाली. "तू मडकी ओळखतोस म्हणून आम्ही पाचही जणींनी शुक्रवारी आपसात बदलली. मीच सुचवलं. म्हटलं, माझा नवरा चवीवरून ओळखेल." तिने दुसऱ्या मडक्याकडे बोट केलं. "माया कमी पडलेलं ते माझं."

इकडे आंगेरूने विजयाचा चमचा भरून तोंडात घातला होता. तिचं तोंड तसंच राहिलं. मग तिने मान वळवली आणि चर्चच्या पायरीवर सगळं थुंकून टाकलं.

"समुद्र! अगं बाई, हा तर समुद्र आहे!"

थेओदोसिसने बोट बुडवून चाटलं आणि खोकत सुटला. "बोटीतून मीठ आणायची गरज नाही आता."

"मोस्खा!" आंगेरू गरजली. "या मडक्यात तू काय ठेवत होतीस?"

"केपर," मोस्खा म्हणाली. "उन्हाळाभर. खाऱ्या पाण्यात. आतली झिलई उडालीय ना त्याची, स्वयंपाकाला नवीन घेतलंय. पण तीन पाण्यांनी धुवून दिलं होतं मी." तिचा चेहरा इतका निष्पाप होता की ते मडकं तिने विसरून दिलं की आठवणीने, हे त्या वाडीला आजतागायत कळलेलं नाही. झिलई उडालेली माती मीठ पिते आणि आगीवर परत सोडते. हे कुंभाराच्या बायकोला ठाऊक नसेल, असं मात्र कोणी म्हणत नाही.

"मग तुम्ही दोघं गप्प का बसलात?" थेओदोसिसने परीक्षकांना विचारलं.

पाद्रीबाबा डोळे पुसत म्हणाले, "मला वाटलं, बार्बांना त्यात काहीतरी सूक्ष्म लागलं असेल."

"मला वाटलं, तुमच्याकडे असंच आवडतं," डॉक्टरीणबाई पाण्याचा तिसरा पेला रिकामा करत म्हणाल्या.

हळूहळू सगळे सीमोसकडे बघायला लागले. मोस्खा ओट्यावर आली. हरभऱ्यांसोबत ठेवलेल्या लिंबांतली एक फोड तिने उचलली आणि त्याच्या तोंडात घातली.

सीमोसने तोंड वाकडं केलं. चांगलं वाकडं केलं. पण क्षणभर उशिरा.

"किती दिवस?" मोस्खाने विचारलं.

"त्या तापापासून," सीमोस सालीसकट लिंबू चावत म्हणाला.

ती वळली आणि निघाली. सीमोस गुडघे सांभाळत मागे. गल्लीत दोन्ही बाजूंना लोक दारात उभे होते, म्हणून ती घरात शिरेपर्यंत बोलली नाही.

"ईस्टरचं कोकरू?"

"नाही कळलं."

"माझ्या नावाच्या संताच्या दिवशीची मधाची चीजवडी? 'संत्र्याची साल जरा जास्त' म्हणालास."

"ओट्यावर साल पडली होती."

"दोन वर्षं मी चुलीपाशी उभी राहून विचारतेय, आणि तू ओटा बघून उत्तरं देतोस!"

"तू खूश व्हायचीस गं."

"कोणावर खूश झाले मी? ओट्यावर?"

"सांगितलं असतं तर तुझा विचारायचा आनंद गेला असता," तो पुटपुटला. मोस्खाने भांडी जरा जोरात ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून शिक्षा सुरू झाली. उकडलेला रानपाला. मीठ नाही, तेल नाही, लिंबू नाही. सीमोसने शांतपणे खाल्ला आणि पाव मागितला. दुसऱ्या दिवशी तोच पाला, तिसऱ्या दिवशी तोच. शिक्षा देणारीची मोठी पंचाईत झाली: ज्याला द्यायची त्याला काही फरक पडेना, आणि देणारीला मात्र तेच खावं लागे. चौथ्या दिवशी मोस्खाने त्याच्यापुढे पाला ठेवला, स्वतः पदर खोचावा तसा रुमाल डोक्याला आवळला आणि समोर आंगेरूच्या घरी जेवायला गेली. चाळीस वर्षांत प्रथमच. सीमोस खिडकीतून ऐकत होता. तमालपत्रावर तिथे एक शब्दही निघाला नाही. दोघी मिळून त्यालाच फोडणीला टाकत होत्या.

"लहानपणापासूनच लबाड," आंगेरू सांगत होती. "आईला सांगायचा, दूध मांजराने प्यायलं. घरात मांजरच नव्हतं."

परीक्षेचा निकाल उरलेल्या दोघांनी दिला होता: दुसरं मडकं. टेबल मोस्खाकडे. तिने आंगेरूला चाखायला हाताशी घेतलं. सीमोसला काम मिळालं ते लाकडं मोजून ठेवायचं आणि वाटेत न येण्याचं. येणारेजाणारे थांबत होते. "बार्बा, हा दगड चाखून सांगा, कोणत्या डोंगराचा?" तो हसायचा, पण घरी मोस्खा अजून त्याच्याशी सरळ वाक्य बोलत नव्हती. "पाला ठेवलाय," एवढंच.

जत्रेच्या पहिल्या दिवशी दुपारी भट्टीतून बारा मोठी मडकी निघाली. खाली चौकात टेबलं मांडली होती, बोटीने आलेले लोक हिंडत होते. आंगेरूने पहिल्या मडक्याचा घास घेतला.

"झालं! मीठ बरोबर, कांदा विरघळलाय. उचला!"

मोस्खानेही चाखलं, मान डोलावली. थेओदोसिसने मडकी गाडीत चढवायला हात घातला. सीमोस लाकडांवर बसला होता. झाकणाला चिकटून आलेला एक हरभरा त्याच्या पायाशी पडला. त्याने तो उचलला आणि सवयीने अंगठा आणि तर्जनी यांच्यात दाबला. साठ वर्षं तो याच दोन बोटांनी माती तपासत आला होता. गोळ्यात मोहरीएवढा खडा राहिला तरी चाकावर चढण्याआधी त्याला लागायचा. त्याने हरभरा चिरडला. पुन्हा एक मागून घेतला. मग दुसऱ्या मडक्यातला.

"मोस्खा," तो म्हणाला. "मधे कणी आहे."

"तू गप्प बस," आंगेरू म्हणाली. "तुला काय कळतं?"

"चवीचं काही कळत नाही. चांगले असतील, वाईट असतील, मला माहीत नाही. पण मधे कणी आहे. अजून पाऊण तास."

"खाली माणसं खोळंबलीत!" थेओदोसिस ओरडला. "ज्या माणसाने मिठागराला पहिला नंबर दिला, त्याचं ऐकायचं?"

मोस्खाने सीमोसकडे बघितलं. पाच दिवसांत प्रथमच. मग तिने मडक्याच्या मधोमध चमचा घालून एक हरभरा काढला, पुढच्या दातांनी अगदी हळू चावला, आणि जिभेला काही न विचारता नुसती चावत राहिली.

"कणीक भिजव," ती आंगेरूला म्हणाली. "झाकणं परत लिंपायची. थेओदोसिस, भट्टी बंद कर."

"मोस्खाबाई, लोक काय म्हणतील?"

"भूक लागली म्हणतील. मग हरभरे चांगले म्हणतील." तिने पायाने एक स्टूल ओढून भट्टीपाशी ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "इथे बस. बाराही मडक्यांतले तू दाबून बघायचेस. आधी हात धुऊन ये."

"नीट धू रे," आंगेरूने मागून टोमणा मारला. "साबणाचा वास जाईपर्यंत."

सीमोस हात धुऊन आला आणि दोघींपुढे उभा राहिला. "धुतले. पण वास गेला की नाही, ते मला कसं कळणार?"

मोस्खाच्या खांद्यांना आधी नुसता हिसका बसला. मग ती हसायला लागली. कणकेचे हात तोंडावर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसू ओसरल्यावर तिने त्याचे दोन्ही हात ओढून नाकाशी नेले.

"गेलाय," ती म्हणाली. "बस."